गोव्यात सराव करून मुंबईची फुल मॅरेथॉन कशी धावावी

मिरामार ते दोना पावला रस्त्यावर पहाटे साडेपाचला धावणाऱ्याला समोरून फार तर दहा-बारा चेहरे येतात, तेही ओळखीचे. मुंबई मॅरेथॉनच्या स्टार्टला त्याच माणसाला हजारोंच्या गर्दीत अंगाला अंग लावून ताटकळत उभं राहावं लागतं. पहिल्या किलोमीटरला धड पाऊल टाकता येत नाही आणि शेवटचे दहा किलोमीटर उन्हात निघतात. गोव्यातल्या धावणाऱ्यांचा सराव अंतराला सहसा पुरतो. तो कमी पडतो तो या बाकीच्या गोष्टींत. म्हणून आठवड्यांचा हिशेब इथे आटोपशीर दिला आहे आणि बाकीचं सविस्तर. हे सगळं पहिल्यांदा फुल, म्हणजे ४२.१९५ किलोमीटरची मॅरेथॉन, धावणाऱ्या, साडेचार ते सहा तास घेणाऱ्या हौशी माणसासाठी आहे. तीन तासवाल्यांनी दुसरं काही वाचावं.

अठरा आठवडे

शर्यत साधारणपणे जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तिथून मागे अठरा आठवडे मोजले की सप्टेंबरचा मध्य येतो. म्हणजे चवथ (गणेश चतुर्थी) नुकतीच झालेली किंवा ऐन तोंडावर, अंगात नेवऱ्या-मोदक आणि बाहेर पाऊस. त्या वेळी तुम्हाला आठवड्यातून तीनदा ८ ते १० किलोमीटर न थांबता धावता येत असेल आणि पूर्वी एखादी हाफ (अर्धी मॅरेथॉन, सुमारे २१ किलोमीटर) झाली असेल, तरच फुलचा विचार करा. नसेल तर यंदा हाफ करा, फुल पुढच्या वर्षीही आहे. वय चाळिशीच्या पुढे असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, किंवा धावताना छातीत दडपण येत असेल तर आधी डॉक्टर, मग बूट.

आठवड्यातून चार दिवस धावणं पुरतं. मंगळवारी आणि शुक्रवारी ६ ते १० किलोमीटर सावकाश, बुधवारी किंवा गुरुवारी एक चढाचा किंवा वेगाचा दिवस, आणि रविवारी लांब पल्ला. रविवारचा पल्ला असा वाढवा: १४, १६, १८, मग उतरून १३; पुन्हा १९, २१, २३, उतरून १६; मग २४, २६, २८, उतरून २०. तेराव्या आठवड्यात, म्हणजे बरोबर पाच आठवडे आधी, एखादी हाफ शर्यत म्हणून धावा. डिसेंबरात वास्कोजवळ चिखलीला गोवा रिव्हर मॅरेथॉन असते, तिची तारीख जुळली तर यापेक्षा सोयीचं काही नाही. त्यानंतर ३० आणि ३२, मग २०, १३ आणि शर्यत.

दर चौथ्या आठवड्याला अंतर कमी करायचं ते आळस म्हणून नव्हे. हाडं आणि स्नायुबंध हे हृदय-फुप्फुसांपेक्षा सावकाश तयार होतात. दम वाढलेला असतो, नडगी तयार नसते. दहाव्या-अकराव्या आठवड्यात नडगीच्या हाडावर बोटाने दाबलं की एकाच जागी कळ येत असेल तर ते साधं दुखणं समजू नका, धावणं थांबवून तपासून घ्या. स्नायूचं दुखणं पसरलेलं असतं आणि धावताना अंग गरम झालं की बरेचदा कमी होतं. हाडाचं दुखणं एका बिंदूत असतं आणि धावलं की वाढतं.

लांब पल्ला किती सावकाश धावायचा, हा सगळ्यात जास्त चुकणारा मुद्दा. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांवर श्वास घ्यावा लागत असेल तर तुम्ही जोरात धावताय. शर्यतीला किलोमीटरमागे सात मिनिटं ठरवली असतील तर रविवारी पावणेआठ-आठ मिनिटं चालतील. गोव्याच्या दमट हवेत घाम सुकत नाही, अंग थंड होत नाही, आणि त्याच वेगाला नाडी दहा-पंधरा ठोके वर जाते. घड्याळ मंद दाखवतं म्हणून जोर लावला की पुढचे तीन दिवस पाय जड.

कुठे धावायचं

पणजीकरांना सपाट पल्ल्याची ददात नाही. कांपालहून मिरामार, तिथून दोना पावला आणि परत, असे फेरे मारता येतात. पण फेऱ्यांचा कंटाळा येतो आणि घर जवळ असल्याने विसाव्या किलोमीटरला पाय आपोआप घराकडे वळतात. लांब पल्ल्याला पणजीहून रायबंदरच्या जुन्या बांधावरून जुन्या गोव्यापर्यंत जाऊन परत या. जाऊन-येऊन साधारण वीस किलोमीटर होतात आणि अर्ध्यावर माघार घेतली तरी परतीचे किलोमीटर सुटत नाहीत. बांध अरुंद आहे. उजव्या कडेने, समोरून येणारी वाहनं दिसतील असे धावा, अंगावर चमकणारी पट्टी आणि मागे लाल दिवा हवाच. २४ नोव्हेंबरपासून जुन्या गोव्यात नोव्हेना सुरू होतात आणि ३ डिसेंबरला सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त असतं. त्या दिवसांत पहाटेपासून भाविकांची ये-जा असते, तेव्हा वेगळा रस्ता धरा. म्हापशाच्या बाजूच्या लोकांना हळदोणे-मयडेकडचे आतले रस्ते आहेत, मडगावकरांना कोलवा-बाणावलीचा पट्टा.

पंधराव्या आठवड्यातला ३२ किलोमीटर नेमका नाताळ आणि नवीन वर्षाच्या मधल्या रविवारी येतो. तेव्हा किनाऱ्याकडचे रस्ते विसरा. रात्रभर जागून भाड्याच्या गाड्या हाकणारे पर्यटक पहाटे पाचला त्याच रस्त्याने परतत असतात. हा पल्ला आतल्या गावांत काढा, नाहीतर सरळ बांबोळीच्या मैदानाभोवती फेरे मारा. कंटाळवाणं आहे, पण हातपाय शाबूत राहतात.

चढासाठी पणजीत आल्तिनो आहे, फोंड्यात फर्मागुढी. मुंबईत हे कशाला, तर पेडर रोडसाठी. त्याबद्दल पुढे येईलच. चढाच्या दिवशी २ किलोमीटर हलकं धावून ३०० ते ४०० मीटरचा चढ सहा वेळा घ्या. चढताना पावलं आखूड, नजर दहा पावलांवर, हात कमरेपाशी. उतरताना चालत या. नंतर सहाचे आठ करा. नोव्हेंबरनंतर एक बदल करा: चढ ताज्या पायांनी घेण्याऐवजी २० किलोमीटर झाल्यावर शेवटी दोन वेळा घ्या. दमलेल्या पायांना चढ काय असतो हे तेव्हाच कळतं.

पावसाळ्यात चिऱ्याच्या कडेवर आणि झाडाखालच्या डांबरावर शेवाळ धरतं, तिथे वळणावर वेग सोडा. बूट भिजले तर आतलं पॅड काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बोळे बदला. उन्हात किंवा चुलीजवळ वाळवले तर तळाचा गोंद सुटतो आणि फोम कडक होतो. दोन जोड आलटून पालटून वापरता आले तर उत्तम. बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकतात. शर्यतीचा जोड नोव्हेंबरअखेर घ्या म्हणजे त्यावर एक-दोन लांब पल्ले धरून शंभर-दीडशे किलोमीटर होतील. माप संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय किंचित सुजलेला असतो. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, नाहीतर तिसाव्या किलोमीटरला नख काळं पडणारच.

कुत्र्यांचं काय? पळालात तर ती मागे लागणार. थांबा, चालायला लागा, डोळ्याला डोळा भिडवू नका, खाली वाकून दगड उचलल्यासारखं करा. नव्वद टक्के वेळा तेवढ्याने भागतं. चावलं तर मात्र जखम साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शन घ्या. सरावाचं नंतर बघू.

पोट आणि पाणी: रविवारीच ठरवा

शरीरात साखरेचा जो साठा असतो तो साधारण दीड-दोन तासांच्या जोमदार धावण्याला पुरतो. सावकाश धावणाऱ्याला तो तिसाव्या किलोमीटरच्या आसपास दगा देतो. पाय शिशाचे होतात, डोक्यात चिडचिड आणि अकारण रडू. यालाच भिंत लागणं म्हणतात. उपाय एकच: साठा संपायच्या आधीपासून भरत राहायचं. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. एका जेलच्या (धावताना चोखायच्या गोड, दाट रसाच्या) पाकिटात बहुधा २० ते २५ ग्रॅम असतात, मध्यम केळ्यात साधारण तेवढीच. म्हणजे पहिल्या तासाच्या आत पहिलं जेल, नंतर दर ३० ते ४० मिनिटांनी एक. जेल नको असेल तर खजूर, चिकू, गुळाचे खडे, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, जे तुमच्या पोटाला चालतं ते. मात्र बाविसाव्या किलोमीटरला ते चालतं की नाही हे रविवारीच कळलं पाहिजे. शर्यतीच्या दिवशी नवीन काही तोंडात घालायचं नाही, मग ते कोणी कितीही प्रेमाने देवो. जेलवर नेहमी साधं पाणी प्या, गोड पेय नको. दोन्ही गोड एकत्र झाले की पोटात मुरडा येतो.

पाणी किती प्यायचं हे दुसऱ्याला विचारू नका, मोजा. धावण्याआधी लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. तासभर धावा, अंग पुसून पुन्हा वजन करा. एक किलो कमी झालं तर साधारण एक लिटर घाम गेला. मध्ये प्यायलेलं पाणी त्यात मिळवा. गोव्यात ऑक्टोबरात तासाला सव्वा-दीड लिटर घाम जाणारे लोक भरपूर आहेत. गेलेला सगळा घाम भरून काढायचा नसतो. शर्यत संपेपर्यंत वजनाच्या दोनेक टक्क्यांपर्यंत घट चालते. उलट, वजन वाढलं तर धोका. पाच-सहा तास रस्त्यावर असलेला सावकाश धावपटू पाण्याच्या प्रत्येक स्टेशनवर बाटली रिकामी करत गेला, की रक्तातलं सोडियम पातळ होतं. बोटं सुजतात, अंगठी घट्ट होते, मळमळ, डोकेदुखी, मग गोंधळलेपण. अशा वेळी आणखी पाणी पाजणं जिवावर बेतू शकतं. तहान लागेल तसं, दर वेळी चार-पाच घोट, हे सूत्र बऱ्याच जणांना पुरतं. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटरमध्येच कालवा. अर्ध्या बाटलीत अख्खं पाकीट ओतलं की ते तहान भागवत नाही, पोट मात्र बिघडवतं.

घरचं खाणं बदलायची गरज नाही. उकड्या तांदळाची पेज, नाचणीचं तिजान, रताळी, पोदेराकडची (पाववाल्याकडची) पोळी, हे सगळं धावणाऱ्यासाठीच केल्यासारखं आहे. शीत-कडीही उत्तम. फक्त लांब पल्ल्याच्या आदल्या रात्री नारळाचं दाट हुमण आणि तळलेले बांगडे आवरा, कारण स्निग्ध पदार्थ पोटात रेंगाळतात. डिसेंबरातल्या लग्नांच्या पंगती आणि फेणी यांचं काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. शनिवारच्या दोन पेगांचा हिशेब रविवारी चोविसाव्या किलोमीटरला होतो, एवढं नक्की.

शर्यतीआधी दोन दिवस कर्बोदकं वाढवा, वजनाच्या दर किलोमागे ७ ते १० ग्रॅम. ७० किलोच्या माणसाला दिवसाला किमान ४९० ग्रॅम. शंभर ग्रॅम कोरड्या तांदळात साधारण ७८ ग्रॅम असतात, यावरून अंदाज घ्या. खाणं वाढवायचं म्हणजे ताट वाढवायचं असं नाही. तूप, मासे, भाज्या कमी करून भात, पाव, केळी वाढवायची. शेवटच्या दिवशी कोशिंबीर, उसळी आणि चण्याची भाजी बंद, पहाटे पोट फुगू नये म्हणून. तिसऱ्या-खुबे दोन दिवस आधीपासून वर्ज्य. वजन एखादा किलो वाढेल, ते साठ्याबरोबर आलेलं पाणी असतं, घाबरू नका.

गर्दीची तालीम

हा भाग लोक सरावात धरतच नाहीत.

फुल मॅरेथॉन छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपाशी पहाटे पाचच्या सुमारास सुटते. म्हणजे तीन-सव्वातीनला तुम्ही खोलीवर खाताय, चारला रांगेत. शेवटच्या महिन्यात निदान दोन रविवारी हाच दिनक्रम करा: अडीचला उठा, तीनला पाव, केळं आणि चहा, मग तासभर उभे राहा, हो, उभेच, आणि मग धावायला सुटा. रिकाम्या पोटी धावायची सवय असलेल्यांना पहाटे तीनला खाणं जमत नाही, ओकारी येते. ती गोव्यातच येऊन जाऊ दे. खोलीवरच शौच उरकण्याची वेळही यातूनच बसते. स्टार्टजवळच्या शौचालयांपुढची रांग अर्ध्या तासाला आटपत नाही.

गर्दीत धावायची सवय व्हावी म्हणून पाच-सहा जण मिळून खांद्याला खांदा लावून धावा. मधल्याने बाटली उघडून प्यायची, कोणाला धक्का न लावता कडेला सरकायचं, मग हात वर करून चालायला लागायचं. हास्यास्पद दिसतं, पण पाण्याच्या टेबलापाशी जे पडतात ते बहुतेक अचानक थांबणाऱ्याच्या पाठीवर आपटून पडतात.

वेळेचा अंदाज: डिसेंबरातल्या हाफची वेळ दुप्पट करा आणि वर १५ ते २५ मिनिटं टाका. हाफ सव्वादोन तासांत झाली असेल तर फुल पावणेपाच ते चार पंचावन्न. पाच तासांसाठी किलोमीटरला ७ मिनिटं ७ सेकंद लागतात, साडेचारसाठी ६:२४, साडेपाचसाठी ७:४९, सहासाठी ८:३२. ठरवलेला वेग घड्याळावर न बघता दहा किलोमीटर धरता आला पाहिजे. कारण उंच इमारतींमध्ये जीपीएस भरकटतं. शिवाय मार्ग मोजलेला असतो तो वळणांच्या आतल्या कडेने, सगळ्यात आखूड रेषेवर. तुम्ही गर्दीत डावी-उजवीकडे होत धावणार, म्हणून फिनिशला घड्याळ ४२.५ ते ४२.८ दाखवतं आणि लोक आयोजकांना शिव्या घालतात. आयोजकांची चूक नसते. घड्याळाचं आपोआप लॅप घेणं (दर किलोमीटरची वेळ नोंदणं) बंद करा आणि रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाटीपाशी स्वतः बटण दाबा.

जाणं, राहणं, बिब

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्याला. त्या सकाळी आठला बसून जाण्याचं काढा, आणि परतीचं त्या तारखेचं आरक्षण उघडेल त्या सकाळी. कोकणकन्या मडगावहून संध्याकाळी निघून पहाटे थेट सीएसएमटीला पोचते, तीच सोयीची. पण शुक्रवारी रात्री निघून शनिवारी पोचू नका, गुरुवारी निघा. बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक, शर्यतीच्या दिवशी मिळत नाही, एक्स्पोमध्ये (शर्यतीआधीच्या प्रदर्शनात) जाऊन ओळखपत्र दाखवून घ्यावं लागतं. एक्स्पो गेली काही वर्षं वांद्रे-कुर्ला संकुलात होत आलं आहे. तिथे जाऊन-येऊन आणि स्टॉल बघत हिंडून सहज चार तास पायांवर जातात. हे शुक्रवारी झालं तर शनिवारी पाय वर करून पडता येतं. शनिवारी एक्स्पोत दहा हजार पावलं चालून रविवारी पोटऱ्यांत गोळे आले की लोक मिठाला दोष देतात.

राहायला फोर्ट, चर्चगेट, धोबीतलाव असा स्टार्टपासून चालत वीस मिनिटांचा परिसर बघा. धोबीतलावला गोंयकारांच्या जुन्या कूडी (गावागावाची वसतिगृहं) अजून आहेत. तुमच्या गावची असेल आणि ओळख असेल तर विचारून बघा. नातेवाईक बोरिवलीला असतील तर त्यांच्याकडे शुक्रवारी जेवायला जा, शनिवारी झोपायला नको. प्रेमाने रात्री बारापर्यंत गप्पा होतात. हाफवाल्यांची सुरुवात अलीकडे माहीमकडून असते, त्यांनी दादर-माहीमला राहावं. एकाच खोलीत एक फुलवाला आणि एक हाफवाला असेल तर दोघांपैकी एकाची पहाट बिघडतेच.

स्टार्टला कुठल्या विभागात उभं राहायचं ते आधीच्या अधिकृत शर्यतीच्या वेळेवर ठरतं. नोंदणी करताना प्रमाणपत्र जोडायचं विसरलात तर शेवटच्या विभागात पडाल आणि चालणाऱ्यांना वळसे घालत पहिले पाच किलोमीटर जातील. उशिरा सुटल्याची चिंता नको. बिबमधली चिप तुम्ही रेषा ओलांडल्यापासूनच मोजते. बिब छातीवर, चार पिनांनी, सपाट. चिपची पट्टी दुमडू नका, त्यावर कमरेचा पट्टा बांधू नका.

शर्यतीची सकाळ

नखं तीन-चार दिवस आधी कापा, आदल्या रात्री नको, कारण चुकून जिव्हाळी लागलं तर भरून यायला वेळ हवा. काखा, मांड्या, बायकांनी ब्राच्या पट्ट्याखाली व्हॅसलिन लावा. पुरुषांनी स्तनाग्रांवर चिकटपट्टी लावा, त्याआधी जागा कोरडी पुसून, नाहीतर दहाव्या किलोमीटरला निघते आणि फिनिशच्या फोटोत छातीवर दोन लाल ओघळ दिसतात. कपडे जुने, धुतलेले, लांब पल्ल्याला वापरलेले. एक्स्पोत मिळालेला नवा टीशर्ट घालून धावू नका. वरून टाकून देण्याजोगा जुना सदरा घाला.

आणि वेदनाशामक गोळी घेऊ नका. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी होतो, त्यात घामाने पाणी गेलेलं, म्हणजे दुहेरी मार. गोळी घेतल्याशिवाय धावता येत नाही अशी अवस्था असेल तर धावायचंच नसतं. ताप असेल तरीही नाही.

जानेवारीतली मुंबईची पहाट गोव्यातल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पहाटेपेक्षा थंड आणि कोरडी असते. इथेच गोव्याचे लोक फसतात. चार महिने दमट हवेत घासलेलं अंग पहिल्या दहा किलोमीटरला हलकं वाटतं, मरीन ड्राइव्हवर बँड वाजत असतो, आणि किलोमीटरमागे सात मिनिटांऐवजी सव्वासहाचा वेग निघतो. श्वास साथ देतो म्हणून शंका येत नाही. पण जास्त वेगाला साखर जास्त जळते, आणि तो साठा परत मिळत नाही. पहिले पाच किलोमीटर ठरलेल्या वेगापेक्षा दहा-पंधरा सेकंद मंद धावा. पहिला किलोमीटर गर्दीमुळे मिनिटभर उशिरा झाला तर ते मिनिट पुढच्या चाळीस किलोमीटरांत वाटून घ्या, पुढच्या दोन किलोमीटरांत वसूल करू नका. चालणं-धावणं असं करणार असाल, उदाहरणार्थ चार मिनिटं धाव आणि एक मिनिट चाल, तर ते पहिल्या चार मिनिटांपासून करा. दमल्यावर सुरू केलेल्या चालण्याचा उपयोग नसतो.

पाण्याच्या पहिल्या टेबलावर झुंबड उडते, शेवटचं टेबल मोकळं असतं. तिथे घ्या. चार घोट प्या, बाटली कडेच्या पेटीत टाका. रस्त्यात लोळणाऱ्या बाटल्यांवरून घोटे मुरगळतात, म्हणून स्टेशननंतरचे पन्नास मीटर नजर खाली ठेवा. डोक्यावर पाणी ओतायचं तर पुढे झुकून ओता. सरळ उभं राहून ओतलं की ते मोज्यांत उतरतं आणि पाच किलोमीटरवर फोड येतो.

वांद्रे-वरळी सागरी सेतू ५.६ किलोमीटर लांब. एरवी तिथे पायी जाता येत नाही, म्हणून सगळे फोटो काढायला मध्येच थांबतात. तुम्ही कडेला होऊन थांबा, नाहीतर मागचा अंगावर येईल. सेतूवर बघे नसतात, वारा असतो, आणि अचानक शांत वाटतं. रायबंदरच्या बांधावर एकट्याने पल्ले काढलेल्यांना हा भाग सोपा जातो. इथे एक जेल घेऊन टाका.

माहीम-दादरच्या बाजूला मुंबईकर रस्त्यावर उतरलेले असतात. संत्र्याच्या फोडी, चिक्की, बिस्किटं, मीठ, साखर, ढोल. हात मिळवत जा, पण खाणं तुमचं ठरलेलंच. वेदनेचा स्प्रे घेऊन उभे असलेले स्वयंसेवक भेटतील. तो कातडी थंड करतो, बाकी काही करत नाही. घ्यायचाच तर डोळे मिटा. गोळा आला असेल तर थांबून तो स्नायू हळूच ताणा आणि तीस सेकंद धरा. पोटरीसाठी टाच टेकवून पंजा स्वतःकडे ओढायचा. मग शंभर मीटर चाला.

पेडर रोडचा चढ वर्षानुवर्षं परतीच्या वाटेवर, तिशीच्या पुढच्या किलोमीटरांत येत आला आहे. मार्ग अधूनमधून बदलतो, म्हणून त्या वर्षीचा नकाशा घेऊन चढ कितव्या किलोमीटरला आहे ते तळहातावर पेनाने लिहा. आल्तिनोच्या मानाने हा चढ काहीच नाही, गोव्यात आला असता तर लक्षातही आला नसता. त्याची भीती त्याच्या उंचीची नसून वेळेची आहे. ऊन वर आलेलं, साखर संपलेली, मांड्या लाकडाच्या. चढाआधी किलोमीटरभर शेवटचं जेल घ्या. चढावर वेग बघू नका. तीस पावलं धाव, तीस पावलं चाल, असं मोजत वर जा. उतारावर मांडी जास्त मार खाते, तिथे लांब ढांगा टाकून सुटू नका. मरीन ड्राइव्ह पुन्हा दिसला की वाटतं आलंच, पण तिथून अजून बरंच असतं आणि सावली नसते. टोपी भिजवून घाला.

छातीत दुखणं, चक्कर, रस्ता वाकडा दिसणं, उन्हात अंगावर काटा येणं किंवा घाम अचानक थांबणं, यातलं काही झालं तर थांबा आणि वैद्यकीय तंबूत जा. शेजारचा वेडंवाकडं बोलायला लागला तर त्यालाही थांबवा. त्याला स्वतःला ते कळत नसतं.

फिनिशनंतर

रेषा ओलांडून लगेच बसू नका. पायात साठलेलं रक्त वर यायला वेळ लागतो आणि भोवळ येते. दहा-पंधरा मिनिटं सावकाश चाला, मेडल घ्या, कोरडा सदरा घाला, खारट काहीतरी खा. फोनचं नेटवर्क गर्दीत अडतं, म्हणून घरच्यांना भेटायची जागा आदल्या दिवशीच ठरवा. "फिनिशपाशी" ही जागा नव्हे, तिथे हजारो लोक असतात. एखादं हॉटेल किंवा पुतळा सांगा. दोन-तीन तासांत लघवी झाली पाहिजे. ती काळ्या चहासारखी गडद आली तर स्नायू फार मोडले आहेत असं समजून इस्पितळात जा, गाडी चुकली तरी चालेल.

परतीची कोकणकन्या रात्री अकराच्या सुमारास सुटते. नोव्हेंबरात तिकीट काढतानाच खालचा बर्थ मागा. मधल्या बर्थवर चढताना मांडीत गोळा आला तर अख्खा डबा जागा होतो. एसीत गारठा असतो, मोजे आणि शाल हाताशी ठेवा, आणि दर दोन तासांनी उठून डब्यात एक फेरी मारा. मडगावला पूल उतरायची वेळ आली की कठडा धरून उलटे उतरा, पाठ उतरायच्या दिशेला करून. लोक बघतील. सोमवारी दुखतं त्यापेक्षा मंगळवारी जास्त दुखतं, बुधवारपासून उतार पडतो. आठवडाभर धावायचं नाही, मिरामारला फक्त फिरायला जायचं, तेही चपला घालून, कारण काळ्या नखाला बूट अजून सोसत नाही.